पॅरलल पोर्टचं कार्ड दिसतं, पण /डेव्ह/एलपी० तयारच होत नाही

ऐंशीकॉलम:
मशीनवर डेबियन लिनक्स आहे. मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची २५ पिनांची जोडणी) नाही, म्हणून पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड बसवलंय. त्यावर एक पॅरलल आणि दोन सीरियल पोर्ट आहेत. प्रिंटर २४ पिनांचा डॉट मॅट्रिक्स, ईएससी/पी (एप्सनची प्रिंटर-आज्ञांची भाषा) समजणारा. प्रिंटरचा सेल्फ टेस्ट स्वच्छ येतो. एलएसपीसीआयमध्ये (बसवलेल्या कार्डांची यादी) कार्ड दिसतं, एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या ड्रायव्हर मॉड्यूलांची यादी) एलपी आणि पारपोर्ट_पीसी दोन्ही आहेत, तरी /डेव्ह/एलपी० (प्रिंटर पोर्टची डिव्हाइस फाइल) नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे संदेश) एलपीची एकच ओळ आहे : 'ड्रायव्हर लोडेड बट नो डिव्हायसेस फाउंड'. कप्समध्ये (छपाई सांभाळणारी व्यवस्था) प्रिंटरची रांग आधीच बनवून ठेवली होती, ती 'थांबली' असं दाखवते. (आज्ञा मराठी उच्चारानुसार लिहिल्यात.)

टर्मिनलकर:
कप्सला तूर्त हात लावू नका. कर्नलला पोर्टच सापडलेला नाही, तेव्हा वरचं काहीही चालणार नाही. एलपी हा मॉड्यूल फक्त पारपोर्टच्या डोक्यावर बसतो; खाली पोर्ट नोंदला गेला नाही तर तो लोड होऊनही रिकामाच राहतो.

सीरियल आणि पॅरलल एकत्र असलेली बरीच कार्डं पारपोर्ट_पीसी उचलत नाही, त्यांच्यासाठी पारपोर्ट_सीरियल हा वेगळा मॉड्यूल आहे. आधी 'एलएसपीसीआय -के' देऊन कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. नसेल तर 'सुडो मॉडप्रोब पारपोर्ट_सीरियल' देऊन तो लोड करा आणि लगेच डीमेसेज बघा. 'पारपोर्ट०: पीसी-स्टाइल ॲट' आणि पुढे पत्ता, अशी ओळ आली की जिंकलात. पुढच्या बूटला आपोआप यावं म्हणून ते नाव /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मधल्या एखाद्या .कॉन्फ फाइलमध्ये टाका.

शून्यबिंदू:
पारपोर्ट_सीरियलनेही नाही उचललं तर पोर्टचा आय/ओ पत्ता (ज्या क्रमांकावर ड्रायव्हर पोर्टशी बोलतो तो) हाताने द्यावा लागतो. मदरबोर्डवरच्या पोर्टचा नेहमीचा पत्ता ३७८ हेक्स, कार्डाचा तो नसतो. 'एलएसपीसीआय -व्ही' मध्ये 'आय/ओ पोर्ट्स ॲट' अशा ओळी दिसतील. त्यांतल्या ८ बाइटच्या तुकड्यांपैकी एक पॅरललचा. बाकीचे सीरियलचे असू शकतात. कप्स थांबवा, मॉडप्रोब -आर ने एलपी, पीपीडेव्ह, पारपोर्ट_सीरियल, पारपोर्ट_पीसी हे मॉड्यूल याच क्रमाने काढा आणि पारपोर्ट_पीसी पुन्हा लोड करताना आयओ= मध्ये तो पत्ता, आयआरक्यू=नन (इंटरप्ट न वापरता) द्या; मग एलपी लोड करा.

चुकीचा पत्ता दिलात तरी ड्रायव्हर तुमच्यावर विश्वास ठेवून पोर्ट नोंदवतो, फक्त डीमेसेजमध्ये 'इथे बहुधा पॅरलल पोर्ट नाही' अशा अर्थाचा इशारा देतो. तो वाचा, नाहीतर /डेव्ह/एलपी० दिसतंय म्हणून पुढे तासन्‌तास केबल बदलत बसाल. शिवाय सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नलचा लॉकडाउन (कर्नलमधली ढवळाढवळ रोखणारा बंदोबस्त) आयओ= हा पर्याय नाकारतो. कार्ड दुसऱ्या खाचेत हलवलं की पत्ता बदलू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

ऐंशीकॉलम:
पारपोर्ट_सीरियल लोड केल्याबरोबर एलपी० आलं. पण 'इको' ने मजकूर पाठवला तर 'परमिशन डिनाइड'. रूट म्हणून पाठवल्यावर छापलं, पण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटापासून सुरू होते, जिन्यासारखी.

टर्मिनलकर:
परमिशनसाठी 'सुडो यूजरमॉड -एजी एलपी' आणि तुमचं नाव देऊन एलपी गटात या, मग लॉगआउट करून परत लॉगिन. हे फक्त थेट पोर्टवर लिहिण्यापुरतं. कप्समधून छापायला तुम्ही त्या गटात असण्याची गरज नाही.

जिना होतो कारण लिनक्स ओळीच्या शेवटी फक्त एलएफ (लाइन फीड) पाठवतं. कागद एक ओळ वर सरकतो, हेड डावीकडे येत नाही. त्यासाठी सीआर (कॅरेज रिटर्न) लागतो. फाइल सीआर जोडणाऱ्या 'युनिक्स२डॉस' मधून काढा, किंवा प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ऑटो सीआर असेल तर तो चालू करा. ऑटो एलएफ मात्र नको, ते उलट आहे : सीआर आला की एलएफ जोडतं आणि कप्समधून छापताना ओळी दुप्पट अंतरावर जातात.

शून्यबिंदू:
रांग थांबली कारण कप्सचं मूळ धोरणच तसं आहे : बॅकएंड (पोर्टपर्यंत माहिती पोचवणारा कप्सचा भाग) चुकला की प्रिंटर थांबवायचा. पोर्ट आला म्हणून ती आपोआप सुरू होत नाही, 'कप्सएनेबल' आणि रांगेचं नाव द्या. त्याआधी 'एलपीइन्फो -व्ही' मध्ये 'पॅरलल:/डेव्ह/एलपी०' दिसायला हवं. नसेल तर कप्स-फिल्टर्स पॅकेज बघा, पॅरललचा बॅकएंड कप्समधून काढून तिकडे गेलाय. ड्रायव्हर म्हणून कप्ससोबत येणारा 'एप्सन २४-पिन सीरीज' चालेल, पण तो सगळं चित्र म्हणून पाठवतो, म्हणून हळू. नुसत्या रोमन मजकुराला 'एलपी -ओ रॉ' (मजकूर जसाच्या तसा पाठवणारी आज्ञा) वापरा, छपाई भराभर होते. देवनागरी मात्र चित्र म्हणूनच पाठवावी लागेल.

पुढे कधी डीमेसेजमध्ये 'एलपी० ऑन फायर' दिसलं तर पाण्याची बादली नको. कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे, तरी एरर लाइन (२५ पिनांच्या जोडणीतली १५ वी पिन) चूक दाखवतेय एवढाच त्याचा अर्थ. रिबन, झाकण, केबल बघा. केबल आयईईई १२८४ ची घ्या, आणि काढताघालताना दोन्ही बाजू बंद ठेवा. हे यूएसबी नाही, चालू असताना ओढली तर पोर्ट जळू शकतो.