नवं ऑइल सील टाकूनही पुढचा शॉकअप पुन्हा गळतोय

घाटवळण
१५० सीसी गाडी, पुढे ३१ मिमीचे साधे टेलिस्कोपिक शॉकअप. उजवा गळत होता म्हणून तीन महिन्यांपूर्वी सील बदललं. आता पाइपवर परत तेलाचं कडं दिसतंय. गॅरेजवाला म्हणतो, "२०डब्ल्यू घालू, जाड तेल गळत नाही." गाडी रत्नागिरीत, कायम उघड्यावर. सील डुप्लिकेट निघालं असेल का?

पानापक्कड
सीलला बोल लावण्याआधी पाइप पुसा आणि डस्ट सीलच्या (ऑइल सीलवरच्या, धूळ अडवणाऱ्या रबरी टोपीच्या) वरच्या १०-१२ सेमी भागावर सगळीकडून नख फिरवा. खाऱ्या हवेत क्रोमला बारीक टोचे पडतात आणि त्यांच्या कडा सीलची लिप (पाइपला टेकणारी रबरी कड) कापतात. नख अडकलं तर कितीही भारी सील टाका, तेवढेच महिने टिकेल.

नख अडकलं नाही तर आधी फुकटचा उपाय. डस्ट सील वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत पट्टी सीलच्या लिपखाली घालून पाइपभोवती एकदा फिरवा. अडकलेली माती निघाली की पुष्कळदा गळती थांबते.

एकसिलिंडर
२०डब्ल्यू नको. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू असेल तर तेच. फाटक्या लिपमधून जाड तेलही येतंच, फक्त सावकाश. वर दुसरं दुखणं: शॉकअप उघडायला वेळ लागतो, लागोपाठच्या खड्ड्यांत तो पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबला जातो आणि हँडलला दणके बसतात.

तेल किती घातलं तेही विचारा. पाइपचा आतला व्यास २६ मिमी धरला तर २० मिली जादा तेलाने पातळी जवळजवळ ४ सेमी चढते. वरची हवा तेवढी कमी उरते, ब्रेक दाबला की दाब वाढतो आणि सगळा भार सीलवर.

घाटवळण
दोन ठिकाणी नख अडकतंय, डस्ट सीलच्या ४ सेमी वर. घरी उघडता येईल?

पानापक्कड
येईल. टोचे उथळ असतील तर २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून पाइपभोवती आडवा फिरवा. उभा घासलात तर त्या रेघांतूनच तेल वर येईल. खोल असतील तर पाइपच बदला.

चाक काढण्याआधी, शॉकअप टीमध्ये (हँडलखालच्या पकडीत) घट्ट असतानाच वरचं कॅप थोडं ढिलं करा, नंतर ते हातात फिरत राहतं. खालचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सोडा. स्प्रिंगचा दाब नसेल तर आतला रॉड बोल्टाबरोबर फिरतो, आणि मग तासभर नुसती झटापट. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) वायरने टांगा, ब्रेकच्या होजवर (नळीवर) लोंबकळू देऊ नका.

पुढे डस्ट सील, सर्कलिप (सील अडवणारी तारेची कडी), पाइप, सील असा काढायचा क्रम. नवं सील चढवताना पाइपच्या तोंडावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी घाला. गार्टर स्प्रिंगची (लिपभोवतीच्या बारीक गोल स्प्रिंगची) बाजू खाली, तेलाकडे. वर जुनं सील ठेवून पीव्हीसी पाइपने सगळीकडून सारखं ठोका. सर्कलिपची खाच पूर्ण दिसली की बसलं. ॲलन बोल्टाचा तांब्याचा वायसर नवाच घ्या.

एकसिलिंडर
तेल दोन्ही बाजूंचं बदला. मॅन्युअलमध्ये बहुधा दोन आकडे असतात, नुसतं तेल बदलताना कमी आणि पूर्ण खोलल्यावर जास्त; खोललेल्या शॉकअपला दुसरा. भरल्यावर आठ-दहा वेळा पंप करून हवा काढा, दोन्ही पाइपांतली पातळी सारखी हवी.

आणि ॲक्सलचा नट आवळल्यावर लगेच ॲक्सल पकडणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट आवळू नका. ब्रेक धरून हँडल चार-पाच वेळा दाबा, दोन्ही शॉकअप समांतर बसू द्या, मग आवळा. नाहीतर पाइप तिरका घासतो आणि एकाच बाजूचं सील सारखं जातं. तेल ब्रेक पॅडपर्यंत गेलं असेल तर डिस्क पुसा ब्रेक क्लीनरने, पॅड मात्र नवेच टाका.