मदत हवी आहे: पाण्याचा हक्क हंगामापुरता भाड्याने द्यायचा-घ्यायचा तर पैसा कुठून?

नमस्कार मंडळी. भोगावतीकाठी आमची उपसा सिंचन संस्था आहे. उपसाबंदीत मोटारी थांबल्या की चढावरचा ऊस बघता बघता पिवळा पडतो, म्हणून विषय जिवाला लागलाय.

कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिले. अमेरिकेतही रिपब्लिकन नदीच्या राज्याराज्यांतल्या पाणीवाटपाचा १९४२ चा करार पाळायला कोलोरॅडोतले शेतकरी एकरी आकार भरतात, त्यातून पाण्याचे हक्क घेऊन उपसा कमी करतात. मला ही पद्धत रास्त वाटते. आपल्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातही हंगामी हस्तांतरणाची सोय आहे.

हंगामापुरता हक्क भाड्याने देण्या-घेण्याचा करार कुणी प्रत्यक्ष केलाय का? एकरी भाडं कसं ठरवलं? कर्ज कुणी दिलं? नमुना असल्यास कृपया पाठवा, संस्थेच्या सभेत मांडायचाय.