क्रीडावार्ताहराने मैदानावर जाताना काय घालावे?

मुठाकाठचा:
मी एका मराठी संकेतस्थळासाठी शालेय आणि जिल्हास्तरीय स्पर्धांचे वार्तांकन करतो. पोशाखाबद्दल आमच्या संपादकांची सूचना "नीटनेटके जात जा" एवढीच आहे आणि ती पुरत नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सकाळी बॅडमिंटन, दुपारी भर उन्हात फुटबॉल आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ असा दिवस असला, की तिन्ही ठिकाणी शोभेल असे काय घालावे हे सुचत नाही. फुटबॉलला अर्ध्या पँटमध्ये गेले तर चालते का? आणि पुण्याजवळ गहुंजेच्या क्रिकेट मैदानावर भारताचा सामना असताना संघाची निळी जर्सी घालून प्रेस बॉक्समध्ये बसणे कितपत योग्य आहे? माझ्या बरोबरीचे काही जण बसतात, म्हणून विचारतो.

पेठेतला निवृत्त:
जर्सीचे आधी सांगतो, कारण बाकीचे प्रश्न सोयीचे आहेत आणि हा तत्त्वाचा आहे. प्रेस बॉक्समध्ये कोणत्याही संघासाठी टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा संकेत क्रीडापत्रकारितेत जगभर मानला जातो. हातांनी टाळी वाजवायची नाही असे एकदा ठरले, तर ती अंगातल्या कपड्यांनी तरी का वाजवावी? २०१७च्या फेब्रुवारीत गहुंजेच्या पहिल्यावहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने भारताला तिसऱ्याच दिवशी ३३३ धावांनी हरवले, स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले आणि पुढे आयसीसीने त्या खेळपट्टीवर निकृष्ट असा शेरा मारला. अशा सामन्यानंतर खेळपट्टी अशी का झाली हे विचारणे वार्ताहराचे कामच असते, परंतु हरलेल्या संघाची जर्सी घालून बसलेल्या माणसाने तेच विचारले, तर ती रुसलेल्या चाहत्याची कुरकुर वाटते.

हाच न्याय प्रायोजकांच्या टी-शर्टला आणि टोपीला लावावा. पत्रकार परिषदेत हातात पडणाऱ्या पिशवीत या वस्तू असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घालून स्पर्धेला आलेली मंडळी पाहिली, की वार्ताहर कोण आणि संयोजकांचा स्वयंसेवक कोण, हे ओळखू येत नाही. त्या टी-शर्टचा घरी खुशाल उपयोग करावा.

लेन्सवाला:
मी छायाचित्रकार आहे, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडे जाते. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये बाहेरचे बूट घालून कोर्टाच्या कडेला उतरू नये. डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट वेगळ्या पिशवीतून न्यावेत आणि दारात बदलावेत. क्रिकेटच्या खेळपट्टीजवळ जाण्याची परवानगी मिळालीच, तर तळवा सपाट हवा, टाचेचे किंवा खिळ्यांचे काही नको. तालमीत तर पादत्राणे हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, बाहेरच काढावी लागतात. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मळलेली असते आणि पैलवान तिला हात लावून, तो कपाळाला टेकवून मगच आत उतरतात, तिथे लेसचे बूट सोडत दाराशी ताटकळण्यापेक्षा साधी चप्पल बरी.

रंगाचेही एक सांगतो. साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या मागे सीमारेषेवर असणाऱ्या मोठ्या पडद्याच्या, आसपास वावरणार असाल तर भडक किंवा चकाकणारे काहीही घालू नका, कारण गोलंदाजाच्या हातामागे काही हलले तर फलंदाज खेळ थांबवतो आणि सगळे मैदान तुमच्याकडे पाहते. मोठ्या स्पर्धांत आम्हांला क्रमांक छापलेली बिनबाह्यांची जाकिटे देतात आणि ती सतत अंगावर असावी लागतात, म्हणून आत काय घातले आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. पावसाळ्यात मात्र रेनकोटच न्या. छत्री उघडली की मागच्याचे दृश्य झाकलेच म्हणून समजा.

बिनधास्त:
एवढा विचार करण्याची गरज मला वाटत नाही. बातमी वाचणाऱ्याला वार्ताहराचा शर्ट दिसत नाही, मजकूर दिसतो.

कोथरूडची:
आता शर्टही दिसतो, कारण सामना संपताच आमच्याकडून मोबाइलसमोर उभे राहून दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितला जातो. त्यामुळे बारीक चौकड्यांचे आणि रेघांचे शर्ट मी टाळते, कॅमेऱ्यात ते लहरतात.

अर्ध्या पँटबद्दल माझे मत थोडे कडक आहे. पुरुष वार्ताहर गुडघ्यापर्यंतच्या पँटमध्ये येतात तेव्हा कोणी काही बोलत नाही, आणि मुलगी बिनबाह्यांच्या कुर्त्यात आली की संयोजकांपैकी कोणीतरी काकुळतीने "ताई, जरा पाहुणे येणार आहेत" असे सुचवतो. नियम करायचाच असेल तर तो दोघांना सारखा असावा. विम्बल्डनच्या पांढऱ्या कपड्यांचा हवाला मला एकदा देण्यात आला होता. तो नियम खेळाडूंसाठी आहे, वार्ताहरांसाठी नाही, आणि तिथेही २०२३पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची शॉर्ट घालण्याची मुभा मिळाली आहे.

माझ्यापुरते म्हणाल तर सुती पँट, कॉलरचा फिका शर्ट आणि खोल खिसे, एवढ्यावर माझे सगळे भागते. ओढणी मी मैदानावर नेत नाही, ती ओळखपत्राच्या दोरीत अडकते. डिसेंबरमधल्या पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनला पहाटेच्या थंडीत स्वेटर लागतो आणि शर्यत संपेपर्यंत तो कमरेला बांधावा लागतो, म्हणून तो पातळच घ्यावा.

मुठाकाठचा:
सर्वांचे आभार. जर्सीचा प्रश्न मिटला. कोथरूडच्या ताई, अर्ध्या पँटबद्दल तुमचा नियम दोघांना सारखा म्हणजे दोघांना मुभा, की दोघांना बंदी?

कोथरूडची:
सराव पाहायला जाताना दोघांना मुभा. सामन्याच्या दिवशी दोघांनी पूर्ण पँट घालावी, कारण बक्षीस समारंभानंतर खेळाडूच्या आईवडिलांशी आणि प्रशिक्षकांशी बोलायचे असते आणि कपडे बदलायला मध्ये वेळ मिळत नाही.

पेठेतला निवृत्त:
सहमत. फक्त पँट जीनची असली तर ती फाटकी नसावी, फॅशनची असली तरी.