भावाला जहाजावर लावतो म्हणणारा एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

दाभोळची_ताई: धाकट्या भावाचा जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा कोर्स झालाय, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) हातात आहे, पण जहाज मिळत नाही. आता बेलापूरचा एक एजंट साडेतीन लाख मागतोय. निम्मे आत्ता रोख, उरलेले जॉइनिंगच्या दिवशी. व्हिजिट व्हिसावर दुबईला जायचं, तिथून जहाजावर चढवतो म्हणतो. लेटरवर शिक्का आहे, आरपीएसएल नंबरही आहे, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा. बाबा बागेवर कर्ज काढायला निघालेत. काय तपासू?

खाडीवाला: ताई, एक रुपयाही देऊ नका. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला २०१६ च्या नियमांनी मनाई आहे. मागितले तिथेच विषय संपला.

बोसनकाका: नुसत्या नंबरावर जाऊ नका, ताई. दुसऱ्याचा आरपीएसएल नंबर आपल्या लेटरवर छापणारे पुष्कळ आहेत. डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या साइटवर परवानाधारकांची यादी आहे. त्यात नाव शोधा, परवाना चालू आहे का बघा, आणि फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर. लेटरवरच्या नाही! मग विचारा, हे पत्र तुमचंच का?

जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक मागा. इक्वेसिस या साइटवर फुकट नोंदणी करून तो टाकला की मालक कोण, झेंडा कुठला, जहाज किती जुनं, सगळं दिसतं. एजंट नंबर देत नसेल तर काय समजायचं ते समजा.

आणि व्हिजिट व्हिसावर पोराला मुळीच पाठवू नका. शारजाच्या अँकरेजला, म्हणजे जहाजं नांगर टाकून थांबतात तिथे, आमच्या शेजारी एक जुना टँकर उभा होता. त्यावरची पोरं व्हीएचएफ रेडिओवर पिण्याचं पाणी मागायची. पगार नाही, मालक फोन उचलत नाही, पासपोर्ट कॅप्टनकडे. त्यात आपल्या कोकणातलीही होती, मालवणीत बोलायची. परवानाधारक कंपनीने पाठवलं असेल तर माणूस परत आणायची जबाबदारी तिच्यावर येते, तिची बँक गॅरंटी सरकारकडे असते. अशा एजंटामार्फत गेलेल्याला कोणाचा गळा धरणार?

दाभोळची_ताई: काका, बाबांना वाचून दाखवलं. टोकन म्हणून वीस हजार मात्र परवाच जीपेने गेलेत.

खाडीवाला: मग आत्ताच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, उद्यावर ढकलू नका. व्हॉट्सॲपवरचं काही डिलीट करू नका. आणि डीजी शिपिंगकडेही लेखी तक्रार द्या.