कॅन्सस : पश्चिमेकडे सरकताना शेत का बदलतं?

नकाशावेडा :
उपग्रहाच्या नकाशावर अमेरिकेतलं कॅन्सस राज्य पाहिलं तर पूर्वेकडे हिरवं, पश्चिमेकडे तपकिरी, आणि त्या तपकिरीत एकाच मापाची हजारो हिरवी वर्तुळं दिसतात. मोठी शहरं बहुतेक पूर्वेच्या अर्ध्या भागात. आपल्याकडे गहू चार महिन्यांत निघतो, तिथे सप्टेंबरात पेरून जूनमध्ये कापतात. नऊ महिने रान अडकवून काय साधतं? शिवाय ज्वारीच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिलं, मग ती खातं कोण? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पाणलोट :
आधी पाऊस बघा, बाकीचं त्यातूनच निघतं. आग्नेय कोपऱ्यात वर्षाला १००० मिमीच्या वर पडतो, पश्चिमेला कोलोरॅडो राज्याच्या हद्दीजवळ ४०० ते ४५० मिमी. ओलावा येतो मेक्सिकोच्या आखातातून आणि तो ईशान्येकडे वळतो. पश्चिमेकडून येणारे ढग रॉकी पर्वतातच रिकामे होतात. महाबळेश्वरहून माणदेशात उतरताना जो फरक काही तासांत दिसतो, तो इथे साडेसहाशे किलोमीटरभर हळूहळू पसरलेला आहे. राज्य सपाट आहे असं सगळे म्हणतात, पण जमीन आग्नेयेला सुमारे २०० मीटर उंचीवर सुरू होऊन पश्चिम हद्दीपाशी माउंट सनफ्लॉवरला १२३१ मीटरपर्यंत चढते. चढ इतका सावकाश की गाडीत कळत नाही.

१०० अंश पश्चिम रेखांश राज्याच्या पश्चिम भागातल्या डॉज सिटीजवळून जातो. त्याच्या पलीकडे नुसत्या पावसावर मक्याचा भरवसा धरता येत नाही. गहू आणि ज्वारी मात्र तग धरतात.

मधला फ्लिंट हिल्सचा पट्टा वेगळा. चुनखडीत गारगोटीचे थर आणि वर मातीचा पातळ पापुद्रा, त्यामुळे तिथे नांगर चाललाच नाही. उंच गवताचं मूळ माळरान अमेरिकेत आता ४ टक्क्यांहून कमी उरलंय आणि त्यातलं बहुतेक इथेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते मुद्दाम पेटवतात. न पेटवल्यास काही वर्षांत लाल सीडरची झाडं माजतात आणि चराई संपते.

रब्बीवाला :
गव्हाचं सांगतो. हा हिवाळी गहू. आपल्या जाती थंडी मिळाली तर खूश, पण तिच्यावाचून ओंबी धरणार नाहीत असं नाही. कॅन्ससच्या गव्हाला काही आठवडे कडक थंडी मिळाल्याशिवाय ओंबीच येत नाही; वसंतात पेरलात तर नुसतं गवत वाढेल. १८७४ मध्ये रशियन साम्राज्याच्या दक्षिण भागातून, म्हणजे आजच्या युक्रेनमधून आलेल्या मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्यांनी 'टर्की रेड' नावाचं असं बियाणं इथे रुजवलं.

पेरणी वायव्येला सप्टेंबरात, आग्नेयेला ऑक्टोबरात. खोली इंच-दीड इंच. कोरडवाहू पश्चिमेत एकरी २० ते २७ किलो बी पुरतं, ओलीच्या पूर्वेत ३५ ते ४०. थंडीपूर्वी फुटवे येतात आणि मग पीक थिजतं, पण वाढीचा कोंब जमिनीखाली असल्याने वरची पानं करपली तरी बिघडत नाही. या काळात त्यावर गुरंही चारतात. वसंतात खोड लांबायच्या आधी पोकळ व्हायला लागतं. खोडाच्या आत घडत असलेल्या ओंबीखालची पोकळी दीड सेंटिमीटर झाली की गुरं बाहेर काढायची. इथे आठवडाभर उशीर केला तरी उतारा घटतो.

फायदा दोन तऱ्हेचा. मे-जूनच्या पावसावर दाणा भरतो आणि जुलैच्या होरपळीआधी पीक खळ्यात असतं. हिवाळा-वसंताच्या वाऱ्यात जमीन झाकलेली राहते, हा दुसरा. १९३०च्या दशकातली धुळीची वादळं ज्यांनी वाचली आहेत त्यांना याचं मोल कळेल.

घात करणाऱ्या गोष्टी : खोड कांड्यावर आल्यावर उणे ४ अंशांचा दोन तासांचा गारठा, ओंब्या बाहेर पडल्यावर तर उणे १ सुद्धा पुरतो. गारपीट आहेच. आणि कापणीत गळलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेला गहू. त्यावर सूक्ष्म कोळी जगतो, तोच नव्या पिकात मोझॅक रोगाचा विषाणू नेतो. पेरणीआधी किमान दोन आठवडे हा गहू पूर्ण मेलेला हवा. एका शेजाऱ्याने टाळाटाळ केली तर वाऱ्याबरोबर कोळी सगळ्यांच्या रानात जातो, म्हणून याबाबत तिथे फार कडक बोललं जातं.

कडबा :
ज्वारी गुरं खातात, थोडी इथेनॉलला, बरीच परदेशी. माणसांच्या ताटात अगदी कमी. वाण बुटके, यंत्राने कापता यावेत म्हणून. कडब्याला तिथे आपल्यासारखा मान नाही. पण पश्चिमेत धसकटांना आहे! जूनमध्ये गहू कापल्यावर रान पुढच्या मे-जूनपर्यंत रिकामं ठेवतात. उभी धसकटं बर्फ अडवतात, बाष्पीभवन कमी करतात. मग ज्वारी, तिच्या कापणीनंतर पुन्हा पुढच्या सप्टेंबरपर्यंत पड. तीन वर्षांत दोन पिकं. सोलापूरकडे खरिपात रान मोकळं ठेवून ओलीवर रब्बी ज्वारी घेतात, तोच हिशेब जरा लांबवलेला.

नकाशावेडा :
आणि वर्तुळं? काही अर्धीच हिरवी दिसतात.

पाणलोट :
जमिनीची मोजणी मैलाच्या चौकोनांत झाली आहे. त्याचा चतकोर १६० एकर, बाजू साधारण ८०० मीटर. मध्यावर विहीर आणि ४०० मीटरचा चाकांवर फिरणारा नळ, म्हणजे सुमारे १२५ एकर भिजतात, कोपरे कोरडे. भर उन्हाळ्यात मक्याला रोज ८ मिमी लागलं तर एका वर्तुळाला दिवसाला ४० लाख लिटर, म्हणजे सेकंदाला ४६ लिटर अखंड उपसा. ओगलाला जलधराची, म्हणजे इथल्या जमिनीखालच्या पाणीसाठ्याची, पातळी घसरली की विहीर तेवढं देत नाही. मग अर्ध्यातच मका, उरलेल्यात गहू किंवा ज्वारी. अर्धं वर्तुळ दिसलं की बऱ्याचदा तिथे पाणी कमी पडलंय असं समजा.

गावकुस :
शहरांचं थोडक्यात. सर्वांत मोठं विचिटा, २०२० च्या जनगणनेत ३,९७,५३२. उच्चार 'विचिटॉ'च्या जवळचा. १९१५ मध्ये जवळच एल डोराडोला तेल लागलं, त्या पैशावर विमानं बनू लागली. सेस्ना, बीच आणि स्टिअरमन यांनी १९२५ मध्ये इथेच एकत्र कंपनी काढली. बोइंग ७३७ चा सांगाडा आजही इथून रेल्वेने जातो. राजधानी टोपीका, कृषी विद्यापीठ मॅनहॅटनला (न्यूयॉर्कचं नव्हे). कॅन्सस सिटी म्हणाल तर मोठं शहर मिझुरीत आहे, कॅन्ससमधलं त्याच्याशेजारी. पश्चिमेला गार्डन सिटी, डॉज सिटी, लिबरल ही गावं गोमांसाच्या कारखान्यांवर उभी आहेत, कारण चारा तिथे, म्हणून गुरं तिथे.

नकाशावेडा :
विहिरी आटल्या की ती गावंही अडचणीत येणार. उपसा कमी करायचा काही उपाय?

पाणलोट :
पाण्याचा कायदा १९४५ चा, ज्याचा हक्क आधी नोंदला त्याला पाणी आधी. त्यामुळे कोणी एकट्याने बचत केली तर त्याला काहीच मिळत नाही, शेजारी उपसतो. २०१२ मध्ये कायद्यात सोय झाली आणि २०१३ पासून वायव्येतल्या शेरिडन-थॉमस परगण्यांतल्या शेतकऱ्यांनी आपणहून मर्यादा मागून घेतली : पाच वर्षांत सिंचनाचं एकूण ५५ इंच पाणी, म्हणजे साधारण १४०० मिमी. कोरड्या वर्षी जास्त वापरा, ओल्या वर्षी वाचवा. प्रत्येक विहिरीवर मीटर. उपसा २० टक्क्यांहून जास्त घटला. पाणी देण्याआधी मातीतली ओल मोजायची, बी थोडं विरळ पेरायचं आणि मक्याचा काही भाग ज्वारी-गव्हाकडे वळवायचा, अशा साध्या बदलांवर हे जमलं.