मेंडोझा रेषेखाली नेमके कोण आहे?

हातमोजा:
बेसबॉलच्या 'सर्वांत कुचकामी खेळाडू' या धाग्यावर काल एका सदस्याने मेक्सिकोच्या मारिओ मेंडोझाला पहिला क्रमांक बहाल केला आणि कारण म्हणून एवढेच लिहिले की, ज्याच्या नावाने नापासांची रेषा ओळखली जाते त्याच्याबद्दल आणखी काय बोलायचे. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन माझे भागेना, म्हणून हा वेगळा धागा.

रेषा फलंदाजीच्या ०.२०० सरासरीची मानली जाते, म्हणजे शंभर वेळा फलंदाजी करून वीस हिट (बेस गाठून देणारे फटके), आणि मेंडोझाची कारकिर्दीतली सरासरी ०.२१५ आहे, म्हणजे मेंडोझा स्वतः मेंडोझा रेषेच्या वर आहे. १९७९ मध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सकडून खेळताना तो ०.१९८ वर अडकला. टॉम पाचोरेक आणि ब्रूस बॉक्टी या त्याच्याच सहकाऱ्यांनी केलेली या रेषेची थट्टा प्रतिस्पर्धी संघातला नामांकित फलंदाज जॉर्ज ब्रेटच्या तोंडी बसली आणि पुढे क्रीडा निवेदक क्रिस बर्मनने ती दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचवली, असे सांगतात. पण ०.१९८ च्या माणसाला त्याच वर्षी १६२ पैकी १४८ सामन्यांत का उतरवले, हे थट्टा करणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही. तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी, उभा राहत असे आणि मेक्सिकोत त्याला 'रेशमी हात' म्हणत, हे त्याचे उत्तर आहे.

आकडेमोड:
कालचा प्रतिसाद माझाच होता, त्यामुळे आडून बोलण्याची गरज नव्हती.

१४८ सामन्यांत काहीही गूढ नाही. मरिनर्सचा तो तिसराच हंगाम होता आणि त्यात ते ९५ सामने हरले. घरात एकच छत्री असेल तर फाटकी असली तरी तीच घेऊन बाहेर पडावे लागते. राहिली ०.२१५ ची फुशारकी: १,३३७ वेळा फलंदाजी आणि २८७ हिट. त्यातले वीस हिट वजा केले की हा गृहस्थ नऊ हंगामांच्या हिशेबातही रेषेखालीच जातो. नऊपैकी पाच हंगामांत तो ०.२०० च्या खाली होता आणि संपूर्ण कारकिर्दीत त्याने चार होमरन मारले.

मेक्सिकोचा क्षेत्ररक्षकच डोक्यावर घ्यायचा असेल तर औरेलिओ रॉद्रिगेझला घ्या. ब्रूक्स रॉबिन्सनने तिसऱ्या बेससाठी सलग सोळा वर्षे गोल्ड ग्लव्ह (उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाचा वार्षिक पुरस्कार) मिळवला होता. ती मालिका १९७६ मध्ये ज्याने तोडली तो हा माणूस. मेंडोझाकडे किती गोल्ड ग्लव्ह आहेत? एकही नाही.

हातमोजा:
रॉद्रिगेझबद्दल दुमत नाही, मात्र त्याचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. टॉप्स कंपनीच्या १९६९ च्या खेळाडूंच्या चित्रकार्डावर त्याच्या नावाखाली चक्क संघाच्या बॅटबॉयचे (बॅटी उचलून ठेवणाऱ्या पोराचे) छायाचित्र छापले गेले होते, एवढी या मंडळींची दखल घेतली जात असे. शॉर्टस्टॉप मार्क बेलांजरची सरासरीही ०.२२८ च होती. आठ गोल्ड ग्लव्ह मिळाल्यामुळे त्याच्या नावाची रेषा कोणी ओढली नाही, इतकेच.

बोरूबहाद्दर:
मूळ वादात मला रस नाही. मात्र मेक्सिकोतल्या स्पॅनिशमध्ये 'झ' हा उच्चार नाही. ते नाव 'मेन्दोसा' असे लिहावे.

हातमोजा:
त्या बिचाऱ्याची सरासरी कोणी नीट वाचत नाही, नाव तरी नीट लिहावे हे रास्तच आहे. धाग्याचे शीर्षक आता बदलता येत नाही.

वऱ्हाडी ठेचा:
आकडेमोड यांना गोल्ड ग्लव्ह मोजता येतात, म्हणून विचारते: शॉर्टस्टॉपपर्यंत न आलेला चेंडू कोणत्या रकान्यात लिहितात?

मी शाळेपासून सॉफ्टबॉल खेळले आणि सहा वर्षे शॉर्टस्टॉपला उभी राहिले. आमचे मैदान मुरमाचे होते. चेंडू खड्यावर आदळला की छातीशी येणार की घोट्याशी, हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडारातून जाणाऱ्या चेंडूमागे मी उलटा हात टाकून धावत असे. दहापैकी सहा हातात येत, दोन ग्लोव्हला लागून सुटत आणि ते दोन माझ्या नावावर चूक म्हणून लिहिले जात. माझ्या जागी घेतलेली मुलगी त्या चेंडूंकडे नुसती मान वळवून पाहत असे. तिच्या नावावर चूक नाही, कारण तिचा हातच लागत नसे. निवड करणाऱ्यांनी वही उघडून मला दाखवले: 'चुका तुझ्या जास्त, हिट तिचे जास्त.' मी घरी आले. त्या वहीवर माझा आजही विश्वास नाही.

आकडेमोड:
आपल्या निवड समितीवरचा राग मेंडोझाच्या खात्यात जमा करू नये. उद्या प्रत्येक वगळलेला खेळाडू म्हणेल की, माझे कर्तृत्व न लिहिलेल्या रकान्यात आहे.

वऱ्हाडी ठेचा:
राग नाही म्हणत नाही, पण मुद्द्याला उत्तर द्या. आपण कधी ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा चेंडू, अडवला आहे का, की आयुष्यभर फक्त बेरजा केल्या? सरासरी ही फलंदाजाची असते. खिंडारात अडलेली धाव कोणाच्याच सरासरीत दिसत नाही, पण धावफलकावर ती कमी असते.

हातमोजा:
दोघांनी जरा दमाने घ्यावे. एक गोष्ट माझ्याकडून राहिली: अमेरिकेतून परतल्यावर मेंडोझा मेक्सिकन लीगमध्ये आणखी सात हंगाम खेळला, तिथे त्याची सरासरी ०.२९१ होती, आणि २००० मध्ये मेक्सिकोच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली.

आकडेमोड:
०.२९१ मला ठाऊक नव्हते, हे मान्य करतो. तिथले पिचर आणि अमेरिकन लीगचे पिचर एका तागडीत तोलता येत नाहीत, हेही नोंदवतो. तरीसुद्धा धागाकर्त्यांच्या समाधानासाठी मेंडोझाला माझ्या यादीतल्या पहिल्या क्रमांकावरून नवव्यावर आणतो. याहून अधिक औदार्य माझ्याकडे नाही.

ग्राउंडर मी कधीच अडवलेला नाही. ठेचाताई, तो उलट्या हाताचा चेंडू घेताना शेवटचे पाऊल कोणते पडते, डावे की उजवे?

वऱ्हाडी ठेचा:
उजवे. ते रोवायचे आणि तिथूनच पहिल्या बेसकडे फेकायचे. आणखी एक पाऊल टाकायला गेलात तर धावणारी पोचलेली असते.