मदत हवी आहे: सोडियम हायड्रॉक्साइडची संहती निम्मीच का येते?

चंचुपात्र
उद्या जर्नल द्यायचंय, कृपया लवकर सांगा. ऑक्झॅलिक आम्ल वापरून सोडियम हायड्रॉक्साइडचं स्टँडर्डायझेशन (टायट्रेशनने नेमकी संहती काढणं). दोन्ही द्रावणं ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) केली आहेत. १० मिली आम्लाला ब्युरेटची रीडिंग २०.६, २०.७, २०.६. एम१व्ही१ = एम२व्ही२ (एम म्हणजे मोलॅरिटी, व्ही म्हणजे आकारमान) मध्ये घातलं की उत्तर येतं ०.०४८५ मोलर. ०.१ च्या जवळपास यायला हवं ना? वजनं बरोबर आहेत. सगळं पुन्हा करायला वेळ नाही.

पिपेटधारी
वजन किती घेतलं आणि किती मिलीत? आम्लाच्या बाटलीवर डायहायड्रेट (रेणूमागे दोन पाण्याचे रेणू) लिहिलंय की अनहायड्रस (बिनपाण्याचं)? इंडिकेटर कुठला? ब्युरेटमध्ये काय भरलंय? एवढं कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

कॉस्टिक
कॉस्टिकची (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची) बाटली जुनी असणार. त्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही खेचतात, म्हणून तर कॉस्टिक प्रायमरी स्टँडर्ड (नुसत्या वजनावरून नेमकं द्रावण करता येतं असा पदार्थ) धरत नाहीत. नवी बाटली फोडा, घड्याळकाचेवर चटकन वजन करा आणि लगेच पाण्यात टाका. कागदावर वजन करू नका, गोळ्या चिकटतात.

तापमापी
ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवलं होतं का? गार द्रावणात क्रिया फार हळू होते, रंग लवकर जात नाही आणि रीडिंग चुकतं.

पिपेटधारी
@तापमापी, ते पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला. आम्ल आणि आम्लारी यांची क्रिया मिसळताक्षणी होते, तापवण्याचा संबंध नाही.
@कॉस्टिक, ओलाव्याने इतका फरक पडायला गोळ्यांत निम्मं पाणी हवं. तसं असतं तर बाटलीत गोळ्या नसत्या, चिकट लगदा असता.

चंचुपात्र
डायहायड्रेट. ३.१५ ग्रॅम, २५० मिली. कॉस्टिक १ ग्रॅम, २५० मिली. फिनॉल्फ्थॅलीन २ थेंब. ब्युरेटमध्ये कॉस्टिक. गोळ्या कोरड्या आहेत. आणखी एक, गुलाबी रंग आला की थोड्या वेळाने जातो. म्हणजे एंड पॉइंटच (रंग बदलून थांबायची जागा) चुकतोय का?

ग्रॅमरेणू
तुमचं टायट्रेशन चांगलं झालंय, सूत्र चुकलंय. ऑक्झॅलिक आम्ल डायबेसिक आहे. त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून त्याला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन रेणू लागतात.

१० मिली × ०.१ मोलर = १ मिलिमोल आम्ल. त्याला २ मिलिमोल कॉस्टिक हवं. ते २०.६ मिलीत आलं, म्हणून २ ÷ २०.६ = ०.०९७ मोलर. सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) २०.६ लिहा. एम१व्ही१ = एम२व्ही२ फक्त १:१ क्रियेला चालतं. इथे डाव्या बाजूला, म्हणजे आम्लाच्या, २ ने गुणायचं. ०.१ ऐवजी ०.०९७ का, याचं उत्तर मात्र कॉस्टिक यांनी दिलंय: गोळ्यांतला थोडा ओलावा.

कॉस्टिक
पण ऑक्झॅलिक सौम्य आम्ल आहे, पूर्ण विघटन होत नाही. मग दुप्पट अल्क कसा लागेल?

ग्रॅमरेणू
सौम्य असण्याचा परिणाम पीएचवर होतो, लागणाऱ्या अल्कावर नाही. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात शंभरात एखादाच रेणू विघटित असतो, तरी १० मिलीला ०.१ मोलर कॉस्टिक १० मिलीच लागतं, हायड्रोक्लोरिकला लागतं तेवढंच. मोकळा हायड्रोजन आयन अल्काने खाल्ला की आम्लाचा पुढचा रेणू विघटित होतो, आणि आम्ल संपेपर्यंत हे चालू राहतं. तीव्र की सौम्य हा प्रश्न वेगळा आणि द्रावण किती मोलर हा वेगळा. या दोन्हींची गल्लत केली की सगळं गणित बिघडतं.

जुना_केमिस्ट
नॉर्मॅलिटी (लिटरला किती सममूल्य वजनं) वापरली असती तर हा घोळ झालाच नसता. ऑक्झॅलिकचं सममूल्य वजन १२६ ÷ २ = ६३, लिटरला ६.३ ग्रॅम घेतलं की ०.१ नॉर्मल. मग एन१व्ही१ = एन२व्ही२ डोळे झाकून घाला.

ग्रॅमरेणू
डोळे झाकून घातलं की क्रिया कळत नाही. परमँगनेटचं सममूल्य वजन माध्यमाप्रमाणे बदलतं, तिथे काय करायचं? आधी समीकरण लिहावं, मग मोल मोजावेत.

मिथिल_नारिंगी
रंग जाण्यावर उपाय: फिनॉल्फ्थॅलीन सोडा, मिथिल ऑरेंज घ्या. त्यावर कार्बन डायऑक्साइडचा परिणाम होत नाही.

पिपेटधारी
हायड्रोक्लोरिकला चालेल, इथे अजिबात नाही. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ पीएचमध्ये बदलतं. ऑक्झॅलिकचा दुसरा हायड्रोजन नेमका याच भागात निघत असतो (त्याचा पीकेए, म्हणजे तो निम्मा निघालेला असतो तेव्हाचा पीएच, साधारण ४.३). मग साधारण ११ मिलीपासून १६ मिलीपर्यंत रंग हळूहळू सरकत राहील आणि थांबायचं कुठे ते कळणार नाही. इथला खरा एंड पॉइंट पीएच ८.४ च्या आसपास असतो, फिनॉल्फ्थॅलीन ८.२ ला रंगायला लागतं. तेच योग्य.

@चंचुपात्र, रंग जातो तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ढवळून फिका गुलाबी ३० सेकंद टिकला की तोच एंड पॉइंट. नंतर गेला तरी आणखी थेंब घालू नका. पुढच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर १० मिनिटं उकळून, झाकून गार करून वापरा. फ्लास्क फक्त पाण्याने विसळायचा. पिपेट आम्लाने आणि ब्युरेट कॉस्टिकने विसळायची. फ्लास्क चुकून आम्लाने विसळला तर रीडिंग वाढतं.

हळद_कुंकू
घरी करायचं असेल तर हळदीचा अर्क किंवा कोकम वापरता येईल का? मुलांना दाखवायचंय.

ग्रॅमरेणू
दाखवायला छान, मोजायला नको. हळद पीएच ८ च्या आसपास पिवळ्याची लाल होते, पण बदल सावकाश असतो. कोकमात स्वतःचंच भरपूर आम्ल आहे, ते टायट्रेशनमध्ये मोजलं जाईल. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात काढा, आम्लात लाल आणि अल्कात हिरवट दिसतात. घरी कॉस्टिक नको, धुण्याचा सोडा पुरेसा आहे.

चंचुपात्र
०.०९७ आलं, गणित कळलं. उरलेलं कॉस्टिक ब्युरेटमध्येच ठेवलं तर चालेल का? उद्या दुसरी बॅच येणार आहे.

कॉस्टिक
नाही. काचेचा स्टॉपकॉक रात्रीत जाम होतो, मग जोर केला की तुटतो. आत्ता रिकामी करून पाण्याने धुवा, मग पातळ आम्लाचे थोडे मिली फिरवा, पुन्हा पाण्याने धुवा आणि उलटी लावा. उरलेलं द्रावण घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बुचाची बाटली नको, बूच अडकतं. दुसऱ्या बॅचने ०.०९७ गृहीत धरू नये, त्यांनी नव्याने टायट्रेट करावं.